एक पाकीट, चार पाहुणे: सीआरएमचा चार्ट कुठे फसतो

आजचा भाग सीआरएममधल्या चार्टबद्दल आहे. आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सेल्स टीमसाठी एक बार चार्ट बनवला. कोणाकडे किती लाखांच्या डील्स सुरू आहेत, एवढंच त्यात होतं. आमच्या एक सीनियर ताई त्यात सगळ्यात खाली आल्या. त्या माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाल्या, "अरे, माझा आकडा एकदा बघशील का?" मी काय म्हणालो? "ताई, डेटा थेट सिस्टिममधून येतो." बघितलं नाही. पुढच्या रिव्ह्यूत त्यांच्याकडचा एक जिल्हा काढून दुसऱ्याला दिला.

आता चूक कुठे होती ते सांगतो. लग्नातली आहेराची वही आठवा. एका घरातून चार पाहुणे आले, पाकीट एकच, पाचशे रुपयांचं. वहीत चौघांची नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर पाचशे लिहिले, तर बेरीज दोन हजार! पैसे वाढले का? नाही. फक्त ओळी वाढल्या.

सीआरएममध्ये अगदी हेच होतं. एका कंपनीच्या अनेक डील्स असतात. हे नातं सोपं आहे, प्रत्येक डीलच्या ओळीत कंपनीचा आयडी ठेवायचा. पण एका डीलमध्ये अनेक माणसं असतात, आणि एकच माणूस अनेक डील्समध्ये असतो. मग मध्ये तिसरं टेबल लागतं: कोणती डील, कोणता माणूस, त्याची भूमिका काय. सेल्सफोर्समध्ये याला ऑपॉर्च्युनिटी कॉन्टॅक्ट रोल म्हणतात. मॉडेल म्हणून हे बरोबरच आहे. गडबड होते ती चार्टसाठी टेबलं जोडताना.

समजा तीन डील्स आहेत. पहिली 10 लाखांची, तिच्यात 3 माणसं. दुसरी 6 लाखांची, 1 माणूस. तिसरी 4 लाखांची, माणूस अजून नोंदवलेलाच नाही. खरी बेरीज 20 लाख. आता साधा इनर जॉइन करा. पहिली डील तीनदा येते, म्हणजे 30. दुसरी 6. तिसरी गायब! चार्ट म्हणतो 36. लेफ्ट जॉइन केला तर तिसरी परत येते, पण आकडा होतो 40. बरोबर दुप्पट.

आणि एरर कुठेच येत नाही बरं का. चार्ट छान रंगीत दिसतो.

ताईंचे ग्राहक म्हणजे छोटे दुकानदार. एका डीलला एकच माणूस, काही ठिकाणी तर तेही नोंदवलेलं नाही. बाकीच्यांचे ग्राहक मोठ्या कंपन्या, एका डीलला चार-पाच माणसं. म्हणजे त्यांचे आकडे फुगले, आणि ताईंचे काही चक्क गळले.

मग करायचं काय? जोडण्याआधी प्रश्न विचारा: माझ्या टेबलातली एक ओळ म्हणजे काय? डील, की डीलमधला माणूस? रकमेचा चार्ट हवा असेल तर एक ओळ म्हणजे एकच डील हवी. माणसांची संख्या दाखवायची असेल, तर ती आधी डीलनुसार मोजून घ्या आणि मग जोडा. कॉल्सचं टेबलही सोबत जोडलंत तर आणखी गंमत: 3 माणसं, 5 कॉल्स, एका डीलच्या 15 ओळी! काही जण सम डिस्टिंक्ट वापरून मोकळे होतात. तसं करू नका. 5 लाखांच्या दोन वेगळ्या डील्स असतील, तर ती एकच धरली जाईल.

शेवटची सवय: चार्टची एकूण बेरीज मूळ डील टेबलाच्या बेरजेशी ताडून बघा. दोन मिनिटं लागतात.

मला ती दोन मिनिटं सापडली रिव्ह्यूनंतर तीन आठवड्यांनी, दुसरंच काही तपासताना. मॅनेजरला मेल केला, चूक माझी आहे असं स्पष्ट लिहिलं, ताईंना सीसीमध्ये ठेवलं. जिल्हा त्यांना पुढच्या तिमाहीत परत मिळाला. मधल्या काळातला इन्सेंटिव्ह मात्र गेला तो गेलाच.

म्हणून आता कोणी म्हणालं, "माझा आकडा बघशील का?" तर मी आधी बघतो. मग बोलतो.

तुमच्या चार्टने कधी असं फसवलंय का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!