कंप सुटण्यापूर्वीचा कंपवात

(वसईतील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. कंपवातावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की निदान होण्यापूर्वी कितीतरी वर्षे हा आजार आमच्या घरात वावरत होता आणि आम्हांला तो ओळखता आला नाही. तुमच्या घरी तसे होऊ नये, म्हणून आज उभा आहे.

माझे थोरले बंधू शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते इथे वसईच्या वाडीतच राहिले, मी नोकरीनिमित्त परगावी. दर महिन्याला त्यांचे पत्र येई. अक्षर मोत्यासारखे. एकदा सही जुळत नाही म्हणून बँकेने त्यांचा धनादेश परत केला. वय झाले, असे म्हणून आम्ही हसण्यावारी नेले. पुढे निदान झाल्यावर मी त्यांची जुनी पत्रे तारखेनुसार लावून पाहिली. आधी केवळ शेवटच्या ओळी बारीक होत गेल्या होत्या. मग वर्षागणिक सारे पानच आक्रसले होते. रोज इतरांची हस्तलिखिते तपासणाऱ्या माझ्या डोळ्यांना सख्ख्या भावाचे अक्षर दिसले नव्हते.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. दारातला सोनचाफा फुलला तरी दादांना गंध येत नसे. रात्री झोपेत ते ओरडत, हातपाय झाडत. स्वप्नात कुणाशी तरी भांडतात, असे वहिनी सांगत. बद्धकोष्ठ तर जुनेच. उजवा खांदा आखडला, म्हणून कित्येक महिने शेक आणि मालीश झाले. चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला असे. आवाज खाली गेला, चेहऱ्यावरचे हसू मावळले. दादा अबोल झाले, असा आम्ही समज करून घेतला. हाताला कंप सुटला तो या सर्वांनंतर.

असे का होते? मेंदूतील ठरावीक पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या बळावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी हळूहळू नष्ट होतात. कंप दिसू लागेपर्यंत त्यांचा मोठा भाग गेलेला असतो. गंध, झोप, आतडी यांच्याशी संबंधित चेतासंस्थेत बिघाड बहुधा त्याआधीच सुरू झालेला असतो. झोपेच्या तपासणीत हातपाय झाडण्याचा विकार निश्चित झालेल्या उतारवयातील बऱ्याच रुग्णांना पुढील दहा-पंधरा वर्षांत कंपवात किंवा त्याच जातीचा विकार जडल्याचे आढळले आहे.

हा आजार आपल्याला नवा नाही. ‘माधवनिदाना’त ‘वेपथु’ या नावाने कंपाचा विकार वर्णिलेला आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रुग्णांवर. त्यांतील काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी झाली, तेव्हा ४६ जणांना हा आजार आढळला. तो अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य हे, की या रोगाचे पहिले निरीक्षण यंत्राने नव्हे, डोळ्यांनी होते. आणि घरच्यांइतके जवळचे डोळे दुसऱ्या कुणाचे?

परंतु भीतीही नको. बद्धकोष्ठ असलेला प्रत्येक जण कंपवाताचा रुग्ण नसतो. सर्दीने किंवा कोरोनानेही गंध जातो. चहाचा कप उचलताना हात थरथरला, तर ते बहुधा वेगळ्या प्रकारचे कंपन असते. कंपवातात हात मांडीवर स्वस्थ असताना हलतो. चक्कर, उलटी किंवा मानसिक विकारांवरील काही औषधांनीही अशीच लक्षणे उद्भवतात आणि औषध बदलल्यावर बहुधा ओसरतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी न्यावी. पण मनाने कोणतेही औषध बंद करू नये. खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपा असते, हे १९३७ साली भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. तेच द्रव्य आज या रोगावरचे मुख्य औषध आहे. तरीही कुंपणावरच्या शेंगा आणून घरी प्रयोग करणे धोक्याचे. मात्रा वैद्यानेच ठरवावी.

रोग थांबवणारे औषध अजून नाही. मग लवकर ओळखून काय साधणार, असे कोणी विचारील. आमच्या दादांचे महिनोन्‌महिने खांद्याच्या चुकीच्या उपचारांत गेले, ते वाचले असते. नियमित व्यायाम आधी सुरू झाला असता, पडण्यापासून जपता आले असते. आणि ‘आळशी झालात’, ‘माणूसघाणे झालात’ हे आमचे बोल त्यांना ऐकावे लागले नसते. या शेवटच्या गोष्टीची भरपाई कोणत्याच औषधाने होत नाही.

यांपैकी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली आणि टिकून राहिली, तर मेंदुविकारतज्ज्ञाला गाठा. मुंबईत के.ई.एम. व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हा विभाग आहे. निदान झालेच, तर एकटे पडू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारखी शुभार्थींना एकत्र आणणारी संस्था उभी राहिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

दादा आजही मला पत्र लिहितात. आता कागद आखीव असतो. रेघांच्या आधाराने अक्षर मोठे राहते. पत्र आले, की मी आधी अक्षर पाहतो, मग मजकूर वाचतो. तुम्हीही आज घरी गेल्यावर आपल्या माणसाचे चालणे, बोलणे, लिहिणे क्षणभर निरखून पाहा. एवढीच विनंती करतो आणि थांबतो.