जिना, दम आणि डोली

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, "सर, आरोग्यावर दहा मिनिटं बोला." मी जिन्यावर बोलणार आहे. आपल्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे विषय फारसा बदललेला नाही.

२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतले होतो. गॅसचा सिलिंडर खांद्यावर टाकून चौथ्या मजल्यावर नेणारी मंडळी आज याच सभेत बसली आहेत, आणि दूध आणायला उतरताना कठडा सोडत नाहीत. त्यांत मीही आलो. इमारतीला आपण यंदा रंग काढला. गुडघ्यांना रंग लागत नाही.

मध्यंतरी नातवाला घेऊन मी पायऱ्या मोजल्या. एका मजल्याला १८, चौथ्यापर्यंत ७२. प्रत्येक पायरी साडेसहा इंच, म्हणजे सगळी मिळून उंची ३९ फूट. आपण शहापूरकर माहुली बघत मोठे झालेले, मुरबाडकडची मंडळी गोरखगड आणि नाणेघाट चढलेली. आपल्याला ३९ फुटांचं काय कौतुक! पण गडावर दम लागला की दगडावर टेकता येतं, घोटभर पाणी पिता येतं. धुराने भरलेल्या जिन्यात टेकायला जागा नसते.

आयुष्यभर विज्ञान शिकवलं, म्हणून एवढं सांगतोच. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. भराभर जिना चढताना तीच ४०-५० लिटरवर जाते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे धुरात जो जोरात पळत वर जातो, तो बसलेल्या माणसापेक्षा पाच-सहा पट वेगाने विष ओढतो. पायांत ताकद असते, पण रक्त ऑक्सिजन पोचवत नाही. माणूस मधल्याच मजल्यावर खाली बसतो. आसनगावचा पूल रोज धावत चढणाऱ्या आपल्या तरुणांनाही हा हिशेब चुकत नाही.

गोरेगाव पश्चिमेच्या आझाद नगरमधली जय भवानी इमारत तुम्हाला आठवत असेल. ६ ऑक्टोबर २०२३, पहाटे तीनच्या सुमारास तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथे गाड्या होत्या, कपड्यांच्या चिंध्या होत्या. धूर वर चढला आणि झोपेतली माणसं त्यात सापडली. किमान सात जणांचा जीव गेला. आग खाली असली की जिन्याचं धुराडं होतं.

आता आपला जिना बघा. त्याच्या खाली विजेचे मीटर. मीटरला टेकून स्कूटर. स्कूटरमागे कुणाची तरी जुनी गादी, जी "या रविवारी नेतो" असं मी तीन वर्षं ऐकतोय. नाव घेत नाही, ते हसतायत.

म्हणून आधी एवढं घरी ठरवा. आग आपल्या घरात असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि दार ओढून घ्या, म्हणजे धूर जिन्यात पसरायला वेळ लागेल. आग दुसरीकडे असून जिना धुराने भरला असेल तर त्यात शिरू नका. दार लावा, फटीला ओले टॉवेल लावा, खिडकीशी या, ११२ ला फोन करा. आणि बाल्कनीच्या ग्रिलला उघडणारी झडप ठेवा. चोरासाठी बसवलेली जाळी आपल्यालाच कोंडायला नको.

पण जिना मोकळा आहे, उतरायचं आहे, आणि माणूस चालूच शकत नाही, तेव्हा काय करायचं? आपल्या दोन विंगमध्ये असे पाच जण आहेत. आपल्या तालुक्यातल्या, मुरबाडच्या डोंगरावरच्या पाड्यांमध्ये रस्ता नाही म्हणून आजही गरोदर बाईला, आजाऱ्याला डोलीतून खाली आणतात. बांबूला घोंगडी किंवा चादर बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा, बाकीच्यांनी मागे चालायचं आणि खांदा बदलायचा. हे आपल्यासाठी लाजिरवाणं आहेच, पण त्या लोकांना एक गोष्ट नेमकी ठाऊक असते. दमायच्या आधी खांदा बदलायचा.

आपल्या जिन्यात बांबू वळत नाही. मी आठ फुटांचा नेऊन पाहिला, पहिल्याच वळणावर भिंतीला अडला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या तीन मुलांनी मला खुर्चीत बसवून चौथ्यावरून खाली आणलं. प्लास्टिकची खुर्ची दुसऱ्याच पायरीवर कुरकुरली, ती सोडून लाकडी घेतली. एक जण मागून पाठ धरतो, दोघे पुढचे पाय धरतात, माणसाचं तोंड उतरायच्या दिशेला. साडेचार मिनिटं लागली. एकटा मी सव्वा मिनिटात उतरतो. मुलांना दम लागला नव्हता, बोटं सुटत होती. उचलणाऱ्याची पकड छातीआधी हरते. म्हणून एका माणसामागे तीन नाही, सहा जण हवेत, आणि प्रत्येक वळणावर अदलाबदल. ज्यांना बसता येतं पण पायऱ्या उतरता येत नाहीत, त्यांनी पायरीवर बसून एकेक करत सरकत यावं. बी विंगच्या आजी हे परवा करून दाखवताना लहान मुलीसारख्या हसत होत्या.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. त्या पाच जणांची नावं आणि प्रत्येकापुढे सहा तरुणांची नावं सेक्रेटरींच्या दाराच्या आत चिकटवावीत. नोटीस बोर्डावर नको, घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायचं कारण नाही. आणि जिन्याखालची जागा मोकळी व्हावी, गादीसकट.

रविवारी सकाळी दहाला ए विंगच्या जिन्यात सराव आहे. लाकडी खुर्ची मी आणतो. कुणीतरी जुनी पण दणकट चादर आणा.