तारुण्यपीटिका, वनौषधी आणि पुरावा

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजाराच्या परिसरात काष्ठौषधींची दुकाने आहेत. कन्नडमध्ये त्यांना 'ग्रंथिगे अंगडी' म्हणतात. लोध्र, वेखंड, मंजिष्ठ अशी द्रव्ये विकणारी ही दुकाने एका प्राचीन परंपरेची वारसदार होत. सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' या नावाने तारुण्यपीटिकांचे वर्णन आले असून त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. लोध्र, धने व वेखंड यांचा लेप हा त्यांवरील परंपरागत उपाय होय. चीनमधील वैद्यांनीही याच विकाराचा विचार केला. फुप्फुसातील उष्णतेशी त्याचा संबंध जोडून त्यांनी वनस्पतींचे काढे योजिले.

आधुनिक शास्त्राचे निदान वेगळे आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्निग्ध द्रव्य स्रवतात, रोमरंध्रे बुजतात, तेथे जीवाणू वाढतात आणि दाह होतो. परंतु हा विकार काही काळ वाढतो व काही काळ आपोआप ओसरतोही. म्हणूनच 'लेप लावला आणि मुरूम गेले' एवढ्यावरून लेपाचा गुण सिद्ध होत नाही. लेप न लावताही ते गेले असते काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाचे उत्तर तुलनेनेच मिळते. पुण्याच्या परांजपे व कुलकर्णी या संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८२ रुग्णांवर चार आयुर्वेदीय योगांची परीक्षा झाली. काहींना औषधाऐवजी निर्गुण गोळी दिली होती आणि कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. चारांपैकी 'सुंदर वटी' या एकाच योगाने पीटिकांची संख्या लक्षणीय घटली. आवळा, वावडिंग, कुडा आणि सुंठ ही तिची घटकद्रव्ये. परंपरेतील सर्वच योग सारखे गुणकारी नसतात, हाही या अभ्यासाचा धडा होय.

मात्र ८२ ही संख्या लहान आहे. २०१५ साली कॉक्रेन संस्थेने पर्यायी उपचारांच्या ३५ अभ्यासांचा, म्हणजे ३,२२७ रुग्णांचा, आढावा घेतला. चिनी काढ्यांसह वनौषधींविषयी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यात आढळला नाही. पुरावा अपुरा असणे म्हणजे औषध निरुपयोगी ठरणे नव्हे. पण ते उपयुक्त ठरणेही नव्हे.

हा भेद केवळ पंडितांचा नाही. खोल, दुखऱ्या गाठींचे व्रण चेहऱ्यावर कायमचे राहू शकतात. अशा वेळी लेपाची प्रतीक्षा करीत महिने घालविण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे श्रेयस्कर. परंपरेचा खरा आदर तिच्यावर डोळे मिटून विसंबण्यात नाही, तिची कसोशीने परीक्षा घेण्यात आहे.