डबे दुसऱ्यांचे, गाडी आपली



कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे. चित्रपटकलेवर त्याला कोणी बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आम्ही कला शिकलेलो नाही. जे थोडेफार वाचले-पाहिले ते पाळी सुटल्यावर आणि फाटकावरच्या सभा आटोपल्यावर. पण खातेनिहाय चौकशीत कामगारांच्या बाजूने बसता बसता आम्हाला एक गोष्ट मात्र पक्की कळली. कागद तेच असतात. ते कोणत्या क्रमाने मांडले यावर माणसाची भाकरी राहते किंवा जाते. रजेचा अर्ज आधी आणि गैरहजेरीचा शेरा मागून, असे ठेवले तर साहेब कठोर ठरतो. शेरा वर आणि अर्ज खाली, असे ठेवले तर कामगार कामचुकार ठरतो. आजचा विषय हाच आहे. कागदांच्या जागी फक्त चित्रे आहेत.

चित्रपटाचा एक प्रकार असा आहे की त्यासाठी करणाऱ्याने कॅमेरा उचललाच पाहिजे असे नाही. जुन्या बातमीपटाचे तुकडे, कोणाच्या घरची लग्नाची फीत, सरकारी दप्तरातली छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, असे दुसऱ्यांनी दुसऱ्याच कामासाठी टिपलेले साहित्य तो गोळा करतो आणि नव्या क्रमाने जोडतो. पूर्णेच्या लोकांना हे समजावून सांगायला वेळ लागू नये. एक डबा मनमाडकडून आला, एक सिकंदराबादकडून, एक अकोल्याकडून. यार्डात शंटिंग झाले आणि नवी गाडी उभी राहिली. शंटिंग करणाऱ्याने त्यातला एकही डबा बांधलेला नसतो, तरी गाडी त्याने लावलेली असते. डबा तोच, पण कोणत्या इंजिनामागे लागला यावर तो कुठे पोचणार हे ठरते.

आता या विद्येशी कामकऱ्यांचा संबंध काय, ते पाहू. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला चलच्चित्रांचा खेळ झाला. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची ती चित्रे. त्यात स्टेशनात येणारी आगगाडी होती, आणि कारखान्यातून सुटणारे कामगारही होते. हे दुसरे चित्र 1895 सालचे, जेमतेम मिनिटभराचे. लिओं शहरातल्या कारखान्याचे फाटक उघडते आणि बाया-पुरुष भराभर बाहेर पडतात. कारखाना ल्युमिएरांचा, कॅमेराही ल्युमिएरांचा. म्हणजे चलच्चित्राच्या जन्मापासून कामगार पडद्यावर आहे. पण तो मालकाच्या फाटकाशी, मालकाच्या डोळ्यातून. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तो आत काय करीत होता, किती तास करीत होता, हे त्या मिनिटभरात कुठे दिसत नाही.

याच चित्राला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1995 साली, हारून फारोकी या जर्मन दिग्दर्शकाने एक चित्रपट केला. शतकभरातल्या निरनिराळ्या चित्रपटांतून आणि बातमीपटांतून त्याने कारखान्याच्या फाटकाची दृश्ये वेचली. डेट्रॉइटच्या फोर्ड कारखान्यातून 1926 साली सुटलेले कामगार, 1934 साली बर्लिनच्या सीमेन्स कारखान्यातून रांगा करून नाझींच्या सभेला निघालेले कामगार, अशी ती एकापुढे एक लावली. सुटी बघितली तर किरकोळ दृश्ये. एकत्र लावल्यावर मात्र आपसूक प्रश्न उभा राहतो, की चित्रपटाची कथा नेहमी काम सुटल्यावरच का सुरू होते? कामाची जागा कॅमेऱ्याला का वर्ज्य? फारोकीने उसने डबे जोडले आणि असा सवाल विचारला, जो आम्ही लोक फाटकावर वर्षानुवर्षे विचारीत आलो आहोत.

जोडणीचे हे सामर्थ्य त्याच्याही कितीतरी आधी रशियातल्या एका बाईने ओळखले होते. तिचे नाव एस्फिर शुब. 1927 साली तिने रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर चित्रपट केला, तो मुख्यतः झारच्याच दरबारी फितींतून आणि जुन्या बातमीपटांतून. राजाने स्वतःच्या कौतुकासाठी घेतलेली चित्रे ती. जहाजाच्या डेकवर सरदार-दरकदार घाम येईपर्यंत नाचताहेत. शुबबाईंनी त्यालाच लागून घाम गाळीत राबणारे शेतकरी ठेवले. एक चित्रही तिने बदलले नाही, खोटे केले नाही. फक्त शेजार बदलला. घाम दोन्हीकडे आहे. कोणता घाम कोणाच्या जिवावर, हे प्रेक्षकाला सांगावे लागले नाही.

आपल्याकडे काय झाले? फार लांब जायला नको. 1985 साली आनंद पटवर्धनांनी मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर 'हमारा शहर' हा अनुबोधपट केला. त्यात विलास घोगरे हे शाहीर गातात, बेघरांची कैफियत मांडतात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. त्या दुःखात चारच दिवसांनी घोगरे यांनी जीवन संपविले. पटवर्धनांनी 14 वर्षे खपून 2011 साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला, आणि त्यात ते जुने गाणारे घोगरे पुन्हा आणले. 1985 साली ते गाणे घरासाठी होते. 2011 साली तेच चित्र, तोच आवाज, पण आता गाणारा हयात नाही हे आपल्याला ठाऊक आहे. फीत तीच राहिली. मध्ये काळ गेला, आणि त्या काळाने तिला साक्षीदार केले.

दुसरे उदाहरण पुण्याचे, आणि ते संपाचे आहे म्हणून आम्हाला विशेष जवळचे. 12 जून 2015 रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध संप पुकारला. तो 139 दिवस चालला. पायल कपाडिया या तेव्हा तिथल्या विद्यार्थिनी. त्या काळाची चित्रे घेऊन त्यांनी 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' हा चित्रपट केला. 2021 साली कान महोत्सवात त्याला अनुबोधपटाचे पारितोषिक मिळाले. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. धागा आहे एका मुलीच्या पत्रांचा. जात आडवी आल्याने दुरावलेल्या प्रियकराला ती लिहिते. हा धागा कल्पित. त्यात ओवलेली चित्रे मात्र संपाची आहेत, मोर्चाची आहेत, जुन्या घरगुती फितींची आहेत, कात्रणांची आहेत. त्यातच दिल्लीच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोलीस शिरले त्या वेळची दृश्येही आहेत, आणि ती पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली आहेत. आमच्या मते सगळा मुद्दा इथे आहे. तो कॅमेरा भिंतीवर बसविला तो मुलांवर नजर ठेवायला. मुलांच्या बाजूने साक्ष द्यायला त्याला कोणी बसविले नव्हते. पण चित्र एकदा उमटले की ते मालकाच्या हुकमात राहीलच असे नाही. कोणीतरी ते वेचतो, दुसऱ्या चित्राशेजारी ठेवतो, आणि पहारेकरी साक्षीदार होतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की ही तर उसनवारी. स्वतः काही न टिपता केलेली कला ती कसली? त्याला आमचे उत्तर आपल्या घरातच आहे. आजीने जुन्या लुगड्यांची, फाटक्या धोतरांची वाकळ शिवली, तेव्हा तिने सूत कातले नव्हते आणि कापडही विणले नव्हते. तरी ती वाकळ आजीचीच म्हणून आपण पांघरली. कोणता तुकडा कुठे लावायचा याची समज हीच तिची कारागिरी.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. जोडता येते तसे खोटेही जोडता येते. हे खरे आहे, आणि ते केवळ सरकारला किंवा मालकाला लागू आहे असे नाही. आपल्या रेल्वेच्या संपाचेच घ्या. 8 मे 1974 रोजी सुरू झालेला तो संप 20 दिवस चालला. सुमारे 17 लाख कामगार त्यात होते असे सांगतात. त्या संपाचे नाव काढले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जॉर्ज फर्नांडिस यांचे साखळदंडातला हात उंचावलेले छायाचित्र येते. ते छायाचित्र संपाचे नाही. ते आणीबाणीतले, 1976 साली त्यांना अटक झाल्यानंतरचे, बडोदा डायनामाइट खटल्याच्या वेळचे आहे. चित्र खरे, संपही खरा, माणूसही तोच; जोड मात्र चुकीची. ती आपल्या सोयीची आहे म्हणून बरोबर होत नाही. आज आपल्या समोरच्याला खोटे पाडायला अशी एक चुकलेली तारीख पुरते, आणि मग 20 दिवस उपाशी राहिलेल्या घरांची खरी गोष्टही त्याच्यासोबत खोटी ठरते.

म्हणून आम्ही एक साधा नियम सांगतो. कोणतेही चित्र समोर आले, मग ते पडद्यावर असो की हातातल्या मोबाइलवर, तर चार गोष्टी विचाराव्यात. हे कोणी टिपले? कशासाठी टिपले? केव्हा आणि कुठे? आणि याच्या आधी व नंतर काय होते? चौकशीत आपण साक्षीदाराला जे विचारतो तेच हे. प्रामाणिक जोडणारा या प्रश्नांपासून पळत नाही; तो प्रेक्षकाला सांध्याची जागा दिसू देतो. लबाड जोडणारा सांधा लपवितो.

आता एक शेवटचे उदाहरण, आणि मग आमची मागणी. मुंबईच्या 'कॅम्प' या कलावंतांच्या गटाने 2013 साली 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' नावाचा चित्रपट पुरा केला. कच्छच्या आखातातून शारजा आणि सोमालियापर्यंत लाकडी जहाजांवर माल वाहणारे खलाशी आपल्या मोबाइलवर समुद्र टिपतात, सोबती टिपतात, वर आवडीची गाणी लावतात. त्या फितीच या चित्रपटाचा मोठा भाग आहेत. ल्युमिएरांच्या फाटकापासून इथवर आलो तेव्हा कुठे कॅमेरा राबणाऱ्याच्या हातात आला, आणि कामाची जागा आतून दिसली.

मग आपल्याकडे काय आहे? आपण म्हणाल, काही नाही. आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. या गावात वाफेच्या इंजिनांची शेड होती, मीटरगेज होती, दोन्ही गेली. पण निवृत्तीच्या दिवशी हार घालून इंजिनापुढे काढलेला फोटो कोणाच्या तरी भिंतीवर आहे. रेल्वे वसाहतीतल्या लग्नाची कॅसेट कोणाच्या तरी पेटीत बुरशी खात पडली आहे. तिच्यात नवरा-नवरीच्या मागे आता पाडलेली चाळ उभी आहे. जयंतीच्या मिरवणुका आहेत, मोर्चे आहेत, पूर आहेत. याला आपण रद्दी म्हणतो.

रद्दी म्हणण्याची किंमत या देशाने मोजली आहे. दादासाहेब फाळक्यांचा 1919 सालचा 'कालिया मर्दन' आज पाहता येतो, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी जिवापाड जपणूक केली म्हणून. हे संग्रहालय 1964 साली निघाले, तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. कित्येक तर फितीतली चांदी काढण्यासाठी गाळले गेले. पुढे 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातच जुन्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि जे वाचले होते त्यातलेही बरेच गेले. मोठमोठ्या चित्रपटांची ही गत, तर पूर्णेच्या फायरमनचा फोटो कोण जपणार? आपणच.

मागणी एवढीच. घरी गेल्यावर पेटी उघडावी. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. जे सांगू शकतात ती म्हातारी माणसे आहेत तोवर लिहावे. कॅसेट चालते आहे तोवर तिची प्रत करून घ्यावी. मोबाइलमधले मोर्चाचे चित्र पुसण्याआधी तारखेसह कुठेतरी ठेवावे. वाचनालयाने एक कपाट आणि एक नोंदवही यासाठी काढावी. कपाटाचा खर्च आमची संघटना करील, हे आम्ही इथे जाहीरपणे सांगतो.

उद्या या गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी ही चित्रे जोडायला बसेल. ती कशी जोडायची हे त्यांचे ते पाहतील. त्यांची बुद्धी आपल्यापेक्षा कमी नसेल. पण यार्डात डबेच नसतील तर शंटिंग कशाचे करणार? डबे उभे करून ठेवणे एवढे काम आपल्या पिढीचे आहे. ते आपण करू या.