ब्रेकचे पाइप घरी बदलताय? आधी ऑइल बघा

जुनी गाडी, ब्रेकचं पेडल जरा मऊ लागतंय, आणि ऑनलाइन ते स्टीलची जाळी गुंडाळलेले चकचकीत ब्रेक पाइप दिसतायत. घ्यायचे का? घरीच बसवायचे का?

बॉनेटखालून चाकापर्यंत ब्रेकची लाइन बहुतेक धातूच्या नळीची असते. शेवटचा तुकडा तेवढा रबराचा, कारण चाक वळतं, वर-खाली होतं. जोरात ब्रेक दाबला की तो रबर किंचित फुगतो. जाळीच्या पाइपमध्ये आत टेफ्लॉनची नळी असते, ती कमी फुगते आणि पेडल पायाला घट्ट लागतं. बस्स, इतकंच.

खरी गोम ऑइलमध्ये आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही हमी १५५ वर येते. वरंधा घाट उतरताय, पाय सारखा ब्रेकवर. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं, मग पाइप स्टीलचा असो नाहीतर सोन्याचा! पाइप बदलला की नवं ऑइल भरावंच लागतं. लोक ज्या फरकाचं कौतुक करतात, त्यात माझ्या मते या ऑइलचाच वाटा मोठा. म्हणून आधी ऑइल बदलून बघा. रबर तडकलं किंवा फुगलं असेल तर पाइप बदलाच, पण कंपनीचा रबरी पाइपही चालतो.

तरी घरीच करायचंय? नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा. साध्या पान्याने नट गोल होतो, फ्लेअर नट पाना घ्या. कॅलिपरच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच हवेत. वरच्या डबीतलं ऑइल संपू देऊ नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले काही बिघडलं की जुनं व्हर्जन परत टाकतो, इथे ती सोय नाही.

आणि अमेरिकन व्हिडिओ बघून हवा काढू नका. तिकडे ड्रायव्हर डावीकडे, म्हणून ते मागच्या उजव्या चाकापासून सुरू करतात. आपल्याकडे सहसा मागचं डावं चाक सगळ्यात लांब पडतं. तरी क्रम तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा.

शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कुठे घासत नाही ना ते बघा. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबा, अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली जात असेल तर गाडी गेटबाहेर काढायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक जोडाला टिश्यू लावा. ओला निघाला तर मेकॅनिकला घरी बोलवा, गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका.