लाल डोळा : केव्हा थांबावे, केव्हा जावे



रायपूरचा सदर बाजार हा सराफांचा बाजार. येथील कारागिराचे खरे भांडवल म्हणजे त्याची नजर. त्याचा डोळा लाल झाला की घरचे म्हणतात, "डोळे आले असतील, चार दिवसांत बरे होतील." पुष्कळदा हे खरे ठरते; परंतु जेव्हा ते खोटे ठरते, तेव्हा त्याची किंमत दृष्टीने मोजावी लागते.

डोळे येणे म्हणजे पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा दाह. डोळ्यांत खुपते, पाणी येते, पापण्या चिकटतात. मात्र चिपडे पुसली की नीट दिसते. १९६९ साली घानात उद्भवलेली अशी एक साथ १९७१ मध्ये भारतात पसरली. बंगालमध्ये लोकांनी तिला 'जय बांगला' असे नाव दिले. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत तशीच रायपुरातही डोळ्यांची साथ आली होती. ही साथ रुग्णाकडे पाहिल्याने लागत नाही. हात, टॉवेल व उशी यांच्यामार्फत लागते. विषाणूंमुळे आलेले डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

याउलट डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, नजर अंधुक झाली असेल, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, डोके दुखणे व ओकाऱ्या होणे ही काचबिंदूच्या तीव्र झटक्याची लक्षणे असू शकतात. नवजात बालकाचा लाल, चिपडलेला डोळा आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा यांबाबतही विलंब नको. डोळ्यात तेजाब किंवा चुना गेल्यास प्रथम स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा, आणि मगच दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठा धोका आहे तो मनाने घेतलेल्या थेंबांचा. छत्तीसगढ हा धानाचा प्रदेश. कापणी-मळणीच्या वेळी लोंबीचे कुसळ बुबुळाला लागून तेथे बुरशीची जखम होऊ शकते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घातले, तर लाली ओसरते, पण जखम आत खोल जाते. रुग्णाला वाटते, गुण आला.

म्हणून केवळ लालीवरून आजार जोखू नये. एकेक डोळा झाकून पाहावे आणि दोन प्रश्न विचारावेत : डोळा दुखतो का? पूर्वीसारखे दिसते का? पहिल्याचे उत्तर 'होय' किंवा दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर दुकान एक दिवस बंद राहिले तरी चालेल.