घोकू नका, बोला

मी गोदीतला मजूर, मॅट्रिक. तरी बोलतो. परदेशी शिकायला जाणारी वस्तीतली पोरं आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेसाठी क्लासवाल्याची उत्तरं घोकतायत. परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. मधे एक कार्ड मिळतं. १ मिनिट विचाराला, मग २ मिनिटांपर्यंत आपणच बोलायचं. कार्डावर कष्टाळू माणूस आला, तर क्लासमधला सुटाबुटातला डॉक्टर कशाला? बापाच्या पाठीवरची गोणी सांगा, हूक सांगा, रात्रपाळी सांगा. घोकलेलं परीक्षक ओळखतो, मार्क जातात. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार, चारींना सारखं वजन. उच्चार म्हणजे साहेबी हेल नव्हे. समोरच्याला समजलं की झालं. रोज घड्याळ लावून मोठ्यानं बोला. शेजारी हसतील, हसू द्या. खोलीत जागा नसेल तर पाळी सुटल्यावर गेटावर या, घड्याळ मी धरतो.